थंडीत कोंबड्या का दगावतात, आणि खुराड्यात नेमकं काय करायचं

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात सकाळी सकाळी दादाचा फोन आला. तो त्या वेळेला द्राक्षाच्या बागेत असतो, कधी फोन करत नाही, म्हणून मी घाबरूनच उचलला. म्हणाला, "अगं तीन कोंबड्या गेल्या रात्रीत. अजून दोन मान आत घालून बसल्यात, त्याही काही खऱ्या नाहीत. सगळीकडनं ताडपत्री मारलीय मी, आत वारा शिरायला जागा नाही, तरी यांना थंडी लागली कशी?"

माझं माहेर निफाडजवळचं. पेपरात दरवर्षी "निफाडचा पारा घसरला" अशी बातमी येते ना, तो आकडा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात मोजलेला असतो आणि ते केंद्र आमच्या मळ्यापासून काही फार लांब नाही. म्हणजे गारठा तिथे खराच असतो, दोन-तीन अंशापर्यंत पारा उतरलेला आम्ही बघितलाय, घासावर पांढरं दव गोठलेलंही बघितलंय. मी आता मुंबईत, गोराईला खाडीपलीकडे राहते, बैठं घर आहे, मागे थोडी जागा, त्यात पाच कोंबड्या. लहानपणापासून कोंबड्यांमध्ये वाढले तरी या प्रश्नाचं नीट उत्तर मला त्या दिवशी देता आलं नव्हतं. मग वाचलं, पशुवैद्यकाच्या डॉक्टरांना विचारलं, दोन हिवाळे स्वतः बघितलं, आणि आता जे कळलंय ते इथे सांगते, कारण दादाने केलेली चूक जवळजवळ सगळेच करतात आणि प्रेमापोटी करतात.

उत्तर त्याच्याच वाक्यात होतं. "वारा शिरायला जागा नाही." कोंबड्या थंडीने गेल्याच नव्हत्या, त्या ओलीने आणि कोंडलेल्या हवेने गेल्या होत्या.

आधी कोंबडीचं अंग समजून घेऊ. आपलं टेम्परेचर ३७ अंश, तिचं ४१ च्या आसपास, म्हणजे आपल्याला फणफणून ताप चढल्यावर जेवढं असेल तेवढं तिचं रोजचंच. एक मोठी कोंबडी अंगातून साधारण १० वॅट उष्णता बाहेर टाकत असते. दादाकडे ३० होत्या म्हणजे खुराड्यात ३०० वॅटची शेगडी रात्रभर चालूच होती असं धरा. आणि वरून पिसं. पिसांच्या खाली बारीक मऊ लव असते, कोंबडी अंग फुलवते तेव्हा त्या लवेत हवा अडकते आणि ती अडकलेली हवाच ऊब धरून ठेवते. आपल्या आजीच्या गोधडीचं तेच आहे बघा, नुसत्या जुन्या साड्यांचे थर, त्यात काही गरम नसतं, पण थरांमध्ये हवा बसते म्हणून ऊब लागते. आता तीच गोधडी ओली करून पांघरा. पांघरली नसती तर बरं झालं असतं असं होईल. ओल्या पिसांच्या कोंबडीचं अगदी असंच होतं, लव चिकटून बसते, हवा निघून जाते आणि ४१ अंशाचं अंग थेट गार हवेला उघडं पडतं.

म्हणून धडधाकट, पिसं पूर्ण आलेली, पोटभर खाल्लेली आणि कोरडी कोंबडी चार-पाच अंशाला आरामात रात्र काढते. १८ ते २४ अंश ही तिची आवडती हवा, पण त्याच्या खाली ती बरंच सहन करते, वरचं मात्र नाही, ३०-३२ च्या पुढे ती चोच उघडून धापा टाकायला लागते आणि ४० ला तर जिवावर बेततं. आपण माणसं आपल्या अंगावरून अंदाज करतो, आपल्याला स्वेटर लागला की वाटतं तिलाही लागत असेल.

पायांचं काय, पायाला तर पिसं नसतात, असं माझ्या भाचीने विचारलं होतं आणि प्रश्न बरोबर आहे. तिथे निसर्गाने फार छान सोय केलीय. अंगातून पायाकडे जाणारं गरम रक्त आणि पायाकडून वर येणारं गार रक्त यांच्या नळ्या अगदी एकमेकींना लागून जातात, त्यामुळे खाली जाणारं रक्त वाटेतच आपली ऊब वर येणाऱ्या रक्ताला देऊन टाकतं आणि ती ऊब अंगातच राहते. पाय गार पण अंग गरम. तरी जास्त गारठलं की ती एक पाय वर पोटात घेऊन उभी राहते, आणि रात्री दांडीवर बसली की दोन्ही पाय छातीच्या पिसांनी झाकून घेते. पण हे तेव्हाच जमतं जेव्हा दांडी बसायला चपटी आणि रुंद असेल, साधारण पाच ते आठ सेंटीमीटर, लाकडाची, कडा घासलेल्या. दादाकडे लोखंडी पाइप होता, पाण्याच्या लाइनचा उरलेला. त्यावर बोटं गुंडाळून धरावं लागतं, ती पिसांच्या बाहेर राहतात आणि लोखंड रात्रभर पायातली ऊब ओढून घेतं. आपण थंडीत लोखंडी गेटला हात लावला की चटका बसल्यासारखं होतं, तशी रात्रभर. एका कोंबडीला दांडीवर वीतभर जागा धरा, फार सैल ठेवू नका, त्या चिकटून बसल्या की एकमेकींची ऊब घेतात.

आता मुख्य गोष्ट, पाणी. एक कोंबडी दिवसाला २०० ते २५० मिली पाणी पिते. ३० कोंबड्या म्हणजे सहा-सात लिटर. अंडं घातलं तर त्यात एखादा चहाचा घोट जाईल इतकं पाणी जातं. बाकीचं कुठे जातं? शिटेतून आणि श्वासातून बाहेरच येतं, ताज्या शिटेत तर सुमारे पाऊण भाग पाणीच असतं. हिवाळ्यात रात्र मोठी, संध्याकाळी सहाला आत गेलेल्या कोंबड्या सकाळी सातला बाहेर येतात, म्हणजे तेरा तास, आणि तेवढ्या वेळात कित्येक लिटर पाणी त्या बंद खोलीच्या हवेत आणि खाली पसरलेल्या तुसाच्या गादीत सोडलं जातं. ताडपत्रीने सगळं बंद केलं तर ते जाणार कुठे, ते गार पत्र्याला जाऊन लागतं, तिथे थेंब होतात आणि पहाटे तेच थेंब कोंबड्यांच्या पाठीवर पडतात. वहिनीला मी फोनवर विचारलं, सकाळी पत्र्याला आतून हात लावून बघ ना, तर ती म्हणाली, "ताई, हात कशाला लावायला पाहिजे, टपटप गळतंय की वरून, आम्हाला वाटलं दव आत येतंय." दव बाहेरून येत नव्हतं, कोंबड्यांचाच श्वास वरून पाऊस होऊन पडत होता.

आणि दुसरी गोष्ट अमोनिया. शिट आणि ओल एकत्र आले की जंतू त्यातून अमोनिया तयार करतात, तो डोळ्यात झोंबणारा वास. हा वायू नुसता घाण वासाचा असतो असं नाही, कोंबडीच्या श्वासनळीच्या आत बारीक केसांसारखी झालर असते जी धूळ आणि जंतू बाहेर ढकलत राहते, अमोनिया त्या झालरीला लुळं करून टाकतो. मग साधा जंतूही आत घर करतो, शिंका, नाकातून पाणी, घशात घरघर, ज्याला पोल्ट्रीवाले सीआरडी म्हणतात ते सुरू होतं आणि आपण म्हणतो थंडी बाधली. आपण खुराड्यात उभे राहतो तेव्हा नाक पाच फुटांवर असतं, कोंबडीचं वीतभर उंचीवर. म्हणून खाली बसा, गुडघे टेकून, आणि मिनिटभर श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर तुमच्या कोंबड्या रात्रभर त्यातच आहेत. मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, औषधं आणि टॉनिक यांच्याआधी हे करा, फुकट आहे.

मग हवा तर हवी, पण वारा नको, हे कसं जमवायचं? लोक इथेच गोंधळतात. गरम ओली हवा हलकी असते, ती वर जाते, म्हणून बाहेर जायची वाट वर पाहिजे, छताच्या अगदी खाली, दोन्ही बाजूंना वीतभर मोकळी फट, तिला जाळी मारायची म्हणजे मुंगूस-मांजर येणार नाही. आणि कोंबड्या बसतात त्या उंचीला भिंत बंद पाहिजे, म्हणजे अंगावर झोत येणार नाही. डोक्यावरून हवा जाऊ दे, अंगावरून नको, एवढंच. गोणपाटाचे पडदे लावत असाल तर ते वरून खाली सोडू नका, खालून वर चढवा, म्हणजे खालची बाजू पक्की बांधलेली आणि वरचा भाग उघडा राहतो. दादा नेमका उलटा करत होता, वरती घट्ट आणि खाली फडफडता, म्हणजे ओली हवा आत कोंडलेली आणि थंड झोत बरोब्बर बसलेल्या कोंबडीच्या पोटाखाली.

जमलंय का हे बघायचं असेल तर संध्याकाळी एक उदबत्ती लावून दांडीच्या उंचीला धरा. धूर सावकाश वर जाऊन फटीकडे सरकला तर छान. आडवा पळाला तर झोत येतोय, कुठून येतोय ते शोधून बुजवा. तिथल्या तिथे घुटमळत राहिला तर हवा कोंडलीय, वरची फट वाढवा. उदबत्ती धरताना खाली तूस आहे हे मात्र विसरू नका, ठिणगी पडू देऊ नका.

पत्र्याचं छत असेल, आणि आपल्याकडे ते असतंच, तर वरून उसाचं पाचट नाहीतर भाताचा पेंढा जाड टाकून दोरीने बांधून घ्या. पत्रा कमी गार पडतो आणि आतून घाम कमी येतो, उन्हाळ्यात तेच पाचट ऊन अडवतं. रात्री खुराड्यातलं पाण्याचं भांडं बाहेर काढून ठेवा, अंधारात कोंबडी पाणी पीत नाही, ते फक्त सांडतं. सकाळी मात्र पहिल्यांदा कोमट पाणी द्या, अगदी गार पाणी त्या कमी पितात आणि पाणी कमी प्यायली की खातही कमी.

खालची गादी. गादी पद्धत म्हणजे जमिनीवर भाताचं तूस नाहीतर लाकडाचा भुसा पसरून कोंबड्या त्यावर ठेवणं. थंडीत ती चार-सहा इंच जाड ठेवा. शिट त्यात मिसळते, ओल शोषली जाते, खाली जंतूंचं काम चालू राहतं आणि त्यातून थोडी ऊब पण येते, शेणाच्या उकिरड्यात हात घातला की गरम लागतं ना, तसंच थोड्या प्रमाणात. पण ती दर दोन-तीन दिवसांनी खाली-वर करायला पाहिजे, आणि मी सोपी युक्ती करते, संध्याकाळचे मूठभर दाणे गादीवर फेकते, कोंबड्याच उकरून उकरून ती हलवतात. गादी बरोबर आहे का हे मुठीत दाबून बघायचं, मूठ उघडल्यावर भुरभुरली तर ठीक, लाडवासारखी वळली गेली तर ओली झालीय, तेवढा भाग काढून टाका आणि नवीन घाला. ओल्या गादीवर चुना मारायची पद्धत आहे, पण चुन्याने त्यातला अमोनिया एकदम सुटतो आणि वास उलट वाढतो, म्हणून चुना टाकायचाच तर कोंबड्या दिवसा बाहेर असताना, उघड्या हवेत. ओल्या गादीतून आणखी एक रोग येतो, कॉक्सी, शिटेत रक्त दिसतं, लहान तलंगांना, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्यांना, जास्त. आणि बुरशी आलेला भुसा तर आणूच नका, त्याची धूळ फुप्फुसात जाते आणि त्यावर मग औषध चालत नाही.

शेगडीबद्दल थोडं कडक बोलते. आमच्या गावात एकाने थंडीच्या रात्री कोळशाची शेगडी पेटवून खुराड्यात ठेवली आणि सगळं बंद केलं, सकाळी एकही जिवंत नव्हती. कोळसा बंद जागेत जळतो तेव्हा कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला वास नाही, रंग नाही, माणसं मरतात त्याने तर कोंबड्यांची काय कथा. मोठ्या फार्मवर ब्रूडिंगला, म्हणजे लहान पिल्लांना ऊब द्यायला, शेगड्या वापरतात पण तिथे धूर बाहेर जायची वाट असते आणि रात्रभर माणूस जागा असतो. हाय वॅटचा दिवा टांगणंही तसंच, खाली सुकं तूस, वर फडफडणाऱ्या कोंबड्या, सगळीकडे धूळ, वायर एकदा सुटून पडली की विझवायला वेळ मिळत नाही. मोठ्या कोंबडीला या कशाचीच गरज नाही. आणि समजा रोज दिवा लावला तर अंगाला त्याचीच सवय होते, मग एका रात्री लाइट गेली, जी आपल्याकडे जातेच, की त्या खऱ्या अर्थाने उघड्या पडतात.

चुलतबहिणीची मुलगी कॅनडात ओंटारिओला असते, तिने शेजाऱ्यांचं बघून चार कोंबड्या पाळल्यात. तिथे उणे वीस होतं. तिच्या खुराड्यात हीटर नाही, लाकडी भिंती, वरती झडपा, जाड गादी, बस. तिचा खरा त्रास पाणी गोठण्याचा, त्याला ती भांड्याखाली ठेवायची इलेक्ट्रिक तबकडी वापरते, आणि दुसरा तुऱ्याचा. तुरा आणि चोचीखालच्या लाल पाळ्या हे कोंबडीचे रेडिएटर, उन्हाळ्यात रक्त तिथे आणून ती गार होते, पण शून्याच्या खाली त्यांचीच टोकं गोठून काळी पडतात. तेही ओलसर हवेत जास्त. म्हणून थंड देशात लहान तुऱ्याच्या जाती निवडतात, क्विबेकमध्ये ओकाच्या मठात ब्रदर विल्फ्रिड शॅतेलँ यांनी १९०८ पासून काम करून शॅन्टेक्लेअर नावाची जात तयार केली, तिला तुरा जवळजवळ नाहीच, डोक्यावर बटणाएवढा. आपल्याकडे लेगहॉर्नचा तुरा मोठा, असीलचा छोटा आणि दबलेला. निफाडला तुरा गोठण्याची वेळ क्वचितच येते. लोक विचारतात खोबरेल लावू का, तर खोबरेल आपल्या बाटलीतच गोठतं थंडीत, ते तुऱ्याला काय वाचवणार. कोरडी हवा हाच त्यावर उपाय.

खाण्याचं. थंडीत अंग गरम ठेवायला जास्त लागतं, म्हणून खाणं वाढतं, ते वाढू द्या, हात आखडता घेऊ नका. संध्याकाळी झोपायच्या तासभर आधी मका भरडा, बाजरी, ज्वारी असं काही द्या. गळ्याखालच्या पिशवीत ते साठतं आणि रात्रभर हळूहळू पचत राहतं, पचनाची ऊब मिळते आणि पोटही रिकामं राहत नाही. मका "गरम" असतो म्हणून दिवसभर मकाच द्यायचा हे मात्र चुकीचं, मक्यात प्रोटीन आठ-नऊ टक्केच, अंडी देणाऱ्या कोंबडीला सोळा-सतरा लागतं. त्यातून पावसाळ्यानंतर पिसं झडून नवीन येत असतात आणि पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रोटीनच. मी गोराईला जवळ्याची सुकट भरडून थोडी देते, कोळीवाड्यात स्वस्त मिळते, फक्त मीठ लावून खारवलेली मासळी देऊ नका, मीठ कोंबडीला सोसत नाही. आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत.

अंडी थंडीने कमी होतात असं सगळे म्हणतात, खरं कारण बहुतेक वेळा उजेड असतो. कोंबडीला भरपूर अंडी द्यायला चौदा तासांच्या वर उजेड लागतो, डोळ्यांनी तर तो कळतोच पण कवटीतून आत पोचलेला उजेडही तिच्या मेंदूला कळतो. मुंबईत जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांचा, डिसेंबरात जेमतेम अकरा. अंडी हवीच असतील तर पहाटे लवकर एक छोटा एलईडी लावा, संध्याकाळी नको, कारण संध्याकाळी दिवा एकदम बंद झाला की त्या जमिनीवरच अडकतात, दांडी दिसत नाही. मी स्वतः लावत नाही. गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर-ऐंशी अंडी देते, तिला दोन महिने विश्रांती मिळाली तर पिसं छान भरतात, मला ते बरं वाटतं. विक्रीचा धंदा असलेल्यांचं गणित वेगळं, त्यांना मी चूक म्हणणार नाही.

ब्रॉयलरवाल्यांसाठी एक ओळ, थंडीत पोटात पाणी होऊन पक्षी मरतात तो जलोदर, तोसुद्धा बऱ्याचदा बंद शेडचा रोग आहे. भराभर वाढणारं अंग, थंडीमुळे ऑक्सिजनची गरज जास्त, आणि पडदे बंद म्हणून हवेत तो कमी, मग हृदयावर ताण येतो. उपाय पुन्हा तोच, वरची फट.

आता मुंबई. सांताक्रूझला १९६२ च्या जानेवारीत ७.४ अंश नोंदलेत, पण ते एकदाच. एरवी रात्री पंधरा-सोळा-अठरा आणि दुपारी तीस. बोरिवली नॅशनल पार्कच्या बाजूला, आरेच्या पाड्यांवर, मुलुंडला जरा जास्त गार, कुलाब्याला कमी. मोठ्या कोंबडीला हा वर्षातला सगळ्यात सुखाचा काळ आहे, तिचं खुराडं प्लॅस्टिकने गुंडाळू नका, दुपारी आत भट्टी होते. मुंबईत ओलीचा खरा त्रास पावसाळ्यात, थंडीत उलट हवा कोरडी.

पण पिल्लांना मुंबईची थंडी मारते, आणि हे मला मनापासून सांगायचंय. स्टेशनबाहेर, जत्रेत, शाळेच्या गेटवर ती हिरवी गुलाबी रंगवलेली पिल्लं टोपलीत घेऊन बसतात ना, दहा-वीस रुपयाला, मुलं हट्ट करतात आणि आपण घेऊन देतो. ती बहुतेक अंड्यांच्या जातीतले नर असतात, हॅचरीला नको असलेले. अंड्यातून निघताना पोटात पिवळ्या बलकाचा साठा असतो, त्यावर ती दोन-तीन दिवस न खाता काढतात, म्हणून टोपलीत टुणटुणीत दिसतात. घरी आणेपर्यंत साठा संपत आलेला असतो. आणि पहिल्या आठवड्यात पिल्लाला हवं असतं ३५ अंश. बाल्कनीत रात्री १७. पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवता येतच नाही सुरुवातीला, पिसं नसतात, नुसती लव, तीही रंगाने चिकटलेली. मग सकाळी ते आडवं पडलेलं असतं आणि मूल रडत असतं आणि आपण म्हणतो ही पिल्लं जगतच नाहीत. जगतात, त्यांना आई नाही एवढंच, आईच्या पंखाखालची ऊब आपण द्यायची.

मागच्या जानेवारीत शेजारचा चौथीतला मुलगा दोन पिल्लं घेऊन रात्री नऊला माझ्या दारात आला, एक हिरवं, एक गुलाबी, "काकू, हे हलत नाहीयेत नीट." हिरवं रात्रीतच गेलं. गुलाबी जगलं, ते असं: पुठ्ठ्याचा खोका, दीड-दोन फुटांचा, कारण खोका मोठा पाहिजे, एका टोकाला ऊब आणि दुसऱ्या टोकाला जरा गार, म्हणजे पिल्लू स्वतः जागा निवडतं. एका टोकाला वर साठ वॅटचा जुना तारेचा पिवळा बल्ब, जाळीच्या आत, पक्का बांधलेला, पुठ्ठ्यापासून लांब. एलईडी चालत नाही, त्याला ऊबच नसते, अर्धी पिल्लं या एका चुकीने जातात असं मला वाटतं. खाली पेपर नको, पाय घसरून फाकतात, जुना टॉवेल घातला. पाणी कोमट, पहिल्या दिवशी थोडा गूळ घालून, आणि उथळ बशीत गोट्या टाकून, म्हणजे पिल्लू पाण्यात पडून भिजत नाही. थर्मामीटर पिल्लाच्या पाठीच्या उंचीला, पण खरं थर्मामीटर पिल्लूच. बल्बखाली चिकटून चिवचिव करत असेल तर गार आहे, बल्ब खाली घ्या. कोपऱ्यात पळून चोच उघडी ठेवत असेल तर गरम होतंय, वर घ्या. खाऊन पिऊन कुठेही निवांत लोळत असेल तर बरोबर. गारठलेल्या पिल्लाच्या मागच्या बाजूला शिट चिकटून भोक बंद होतं, ती कोमट पाण्याच्या कापसाने सोडवायची आणि लगेच पूर्ण कोरडं करायचं. दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत गेले, चौथ्या-पाचव्या आठवड्यात खरी पिसं आली, मग दिवसा बल्ब बंद, मग रात्रीही बंद.

लवेबरोबर गुलाबी रंगही गेला आणि आतून पांढराशुभ्र कोंबडा निघाला. गोराईत पहाटे आरवायला लागला तेव्हा शेजाऱ्यांची झोप मोडायला लागली, म्हणून दिवाळीला गावी जाताना त्याला डालग्यात घालून दादाकडे नेला. तोपर्यंत दादाने पाइप काढून लाकडी पट्ट्या ठोकल्या होत्या, पडदे खालून वर बांधले होते आणि पत्र्यावर पाचट चढवलं होतं. त्या हिवाळ्यात एकही कोंबडी गेली नाही.

डिसेंबरात परत त्याचा सकाळी फोन. "तुझ्या पांढऱ्याचा तुरा बघ केवढा झालाय, पार एका बाजूला पडतो, रात्री चार अंश होतं, त्याला काही लावू का, घरात घेऊ का?" मी म्हटलं, दादा, आधी जाऊन पत्र्याला आतून हात लाव आणि मला सांग. फोन तसाच चालू ठेवून तो गेला, मला त्याच्या चपलांचा आवाज येत होता, मग कोंबड्यांचा, मग दार उघडल्याचा.

"कोरडा आहे गं."

"मग राहू दे त्याला तिथेच."